सणाला मरणाचं गाणं नको, आणि साथीला 'तो' माणूस नको!

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा, नसेल तर सेव्ह करून ठेवा. पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका, ही हात जोडून विनंती.

आपल्या गावात यंदा दिवाळी पहाट होणार आहे. मैदान पालिकेचं, मांडव पालिकेचा, वीज पालिकेची, आणि खर्चातला मोठा वाटाही पालिकेचाच. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो. ते असणारच, त्यावर आज बोलत नाही. गायला शेजारच्या जिल्ह्यातली एक तरुण गायिका येते आहे. मेहनती मुलगी आहे, गळा तयार आहे. तिनं रीतसर यादी पाठवली. सुरुवातीला अहिर भैरव, मग दोन अभंग, एक नाट्यगीत, एक दादरा, कबीराचं एक निर्गुणी भजन आणि शेवटी भैरवीत एक सूफी रचना.

यादी व्हॉट्सअॅपवर परत आली तेव्हा शेवटच्या दोन ओळींवर लाल रेघ होती. खाली निरोप होता. सणासुदीला मरणाचं गाणं नको. शेवटचं तर अजिबातच नको, लोक काय म्हणतील. आणि त्याखाली आणखी एक ओळ: साथीदारांची नावं आधी कळवावीत.

गाणी खोडली, एक वेळ समजू शकतो. आयोजकाला आवडनिवड असते. पण तबल्यावर कोण बसणार याचं नाव आधी कशाला हवं? हॉटेलची खोली बुक करायला म्हणून नक्कीच नाही. दोन तासांचा कार्यक्रम आहे, सकाळी आठला लोक फराळाला घरी जाणार. नाव कशासाठी हवंय ते मला कळलं, तुम्हालाही कळलंय.

मी आयोजकांपैकी दोघांना फोन केला. पत्रकार आहे, दुसरी बाजू घ्यावीच लागते. एकानं सांगितलं, "तुम्ही लोक राईचा पर्वत करता." दुसऱ्यानं सांगितलं, "लोकांना जे पाहिजे तेच द्यावं लागतं दादा, आम्हाला काय वैर आहे का कबीराशी?" नावं लिहीत नाही. गाव छोटं आहे, ओळखायचं त्यांनी ओळखलंय.

आता एकेक मुद्दा घेऊ.

*पहिला मुद्दा: 'मरणाचं गाणं'*

दिवाळीत मरणाचं नाव नको म्हणणाऱ्यांनी आपली दिवाळी एकदा आपल्या आजीला विचारावी. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून जो दिवा लावतो तो कुणासाठी? यमासाठी. यमदीपदान म्हणतात त्याला. ज्या पहाटे हा कार्यक्रम ठेवलाय, ज्या पहाटे आपण पायाखाली कारीट फोडतो, ती नरकचतुर्दशी. त्या दिवशी यमतर्पण सांगितलेलं आहे. आणि भाऊबीज म्हणजे यमद्वितीया. बहिणीकडे जेवायला येतो तो यमच. आपल्या पूर्वजांनी सणातून मरणाला हाकललं नाही, त्याला पाटावर बसवून जेवू घातलं. आता आपण इतके नाजूक झालो की एका भजनानं आपली दिवाळी नासणार?

निर्गुणी भजन म्हणजे काय, हे रेघ मारणाऱ्यानं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. ज्याला रूप नाही, मूर्ती नाही, नाव कुठलंही दिलं तरी चालतं, अशा तत्त्वाचं गाणं. त्यात देह म्हणजे मडकं, देह म्हणजे विणलेलं कापड, देह म्हणजे चार दिवसांचं बिऱ्हाड. हे सगळं रडवण्यासाठी सांगितलेलं नाही. वेळ थोडा आहे, तेव्हा जागा हो, एवढंच सांगायचंय. आपले वारकरी याहून वेगळं काय सांगतात? तुकोबांनी स्वतःच्या मरणावर अभंग रचला. तो आपल्या सप्ताहात चालतो, पण मांडवाला पालिकेचा फ्लेक्स लागला की लगेच अशुभ होतो?

आणि हे गाणं मैफिलीत आणलं कुणी, तेही ऐका. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. म्हणजे आपले कुमार गंधर्व. जन्म 8 एप्रिल 1924, बेळगाव जिल्ह्यातलं सुळेभावी. घर कानडी, लिंगायत. पोरवयातच गाण्यानं नाव झालं, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले. ऐन उमेदीत क्षयानं गाठलं. कोरडी हवा मानवेल म्हणून 1948 साली माळव्यातल्या देवासला गेले. पाच-सहा वर्षं गाणं बंद. गवयाला गायची बंदी, आणि ते वयाच्या पंचविशीत! पत्नी भानुमतींनी सेवा केली, त्या काळी नवीनच आलेल्या स्ट्रेप्टोमायसिननं जीव वाचवला. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झालं.

त्या खाटेवर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर काय पडत होतं? रस्त्यावरून जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची भजनं. बायकांची माळवी लोकगीतं. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे, तिथल्या परंपरेत जपलेली पदं. 1953 च्या सुमारास ते पुन्हा गायला लागले तेव्हा हे सगळं त्यांच्या गळ्यात उतरलेलं होतं. पुढे कबीर, सूर आणि मीरा असा त्रिवेणीचा कार्यक्रम केला, तुलसीदास केला, तुकाराम केला. ज्या निर्गुणी भजनाला आपले आयोजक मरणाचं गाणं म्हणतात, ते मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसानं आपल्याला दिलेलं आहे. त्या गाण्यात सूर असा फेकलेला असतो की कानाला धक्का बसतो, आणि मग लगेच शांतता. मध्ये मोकळी जागा सोडलेली. एकच ओळ पाच वेळा येते आणि पाचव्यांदा ती तुमच्यावर येऊन पडते. हे उदास वाटत असेल तर वाटू दे. लग्नातल्या डीजेनं जे होत नाही ते यानं होतं.

*दुसरा मुद्दा: 'शेवटचं तर अजिबात नको'*

का नको? तर त्यात एक शब्द आहे. तो शब्द मांडवात नको.

ठीक आहे. मग हिशोब पूर्ण करू. यादीतले दोन अभंग ठेवलेत ना? भीमसेनजींनी घराघरात पोहोचवलेले. आषाढीला सकाळी रेडिओवर लागले की तुमचे-माझे हात आपोआप जोडले जातात. भीमसेन जोशींचे गुरू कोण? सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ. सवाई गंधर्वांचे गुरू कोण? खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचे, म्हणून घराण्याचं नाव किराना. 1872 चा जन्म, 1937 ला मद्रास इलाख्यात प्रवास करताना रेल्वे स्टेशनवर प्राण गेला. त्यांना आणलं कुठं? मिरजेला. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दरवर्षी उरुसात तिथं संगीतसभा होते आणि मोठमोठे गवई पैशाकडे न बघता तिथं हजेरी लावायला येतात. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही त्यांचीच मुलं. या माणसानं कृष्णाची आळवणी गायली, मराठी नाट्यपदं गायली आणि उभ्या महाराष्ट्राचा कान घडवला.

आता त्या लाल पेनानं अभंगावरही रेघ मारा की! तो सूर दर्ग्यातून आलेला आहे.

नाट्यगीत आणि दादरा ठेवलाय, पण साथीला तंबोरा लागेलच. तंबोरा कुठला? मिरजेचा. त्याचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठावरून. विठोबाच्या मातीत पिकलेला कडू भोपळा मिरजेच्या मुसलमान कारागिराच्या हातात जातो. तो कारागीर पिढ्यानपिढ्या त्याला घडवतो, जवारी लावतो आणि मग त्यातून सा निघतो. याच सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपणच फेसबुकवर अभिमानाचे फोटो टाकले होते. साथीदारांची नावं मागवताय तर तंबोऱ्याच्या कारागिराचंही मागवा. आणि मग गायिकेला सांगा, मोबाईलच्या अॅपवर गा. त्या अॅपमध्ये कुणी आवाज भरलाय ते मात्र विचारू नका, उगीच पंचाईत व्हायची.

कोल्हापूरला शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी ठेवलं. त्यांच्याकडून केसरबाई शिकल्या, मोगूबाई शिकल्या, मोगूबाईंच्या पोटी किशोरीताई. महाराजांनी नाव बघून गवई ठेवला असता तर आज हे घराणं कुठं असतं आणि आपण काय ऐकत बसलो असतो?

आणि कबीर! त्याला तुम्ही कुठल्या रकान्यात टाकणार? काशीचा विणकर, जुलाह्याच्या घरातला. त्यानं मुल्लालाही सोडलं नाही आणि पंडितालाही सोडलं नाही. काशीत मेलं की मोक्ष, मगहरला मेलं की दुर्गती, असं लोक मानायचे, म्हणून हा पठ्ठ्या मरायला मुद्दाम मगहरला गेला, अशी कथा आहे. तिथं आज त्याची समाधीही आहे आणि मजारही आहे, शेजारी शेजारी. दोन्हीकडच्यांना तो आपला वाटला.

बरं, तो बाहेरचा म्हणाल तर तेही जमत नाही. आपल्या महिपतीनं 1762 साली भक्तविजय लिहिला, त्यात कबीराच्या कथा आहेत. त्या कीर्तनात ऐकतच आपले आजोबा मोठे झाले. आपला नामदेव पंजाबात गेला, त्याची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि कबीराचीही त्याच ग्रंथात आहेत. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान होते, त्यांनी मराठीत योगसंग्राम लिहिला. परंपरा त्यांना कबीराचा अवतार मानते आणि शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी त्यांना गुरुस्थानी मानलं असं सांगते. ही आपली वही आहे. यातली पानं फाडायचा अधिकार कुणाला दिला आपण?

*तिसरा मुद्दा: 'लोकांना पाहिजे तेच'*

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. लोक म्हणजे कोण?

माळव्यात आजही खेड्यापाड्यांत रात्र रात्र कबीर गातात. पाच तारांचा तंबुरा, करताल, मंजिरा, ढोलक. गाणारे शेतकरी, मजूर, शिक्षक. प्रल्हादसिंह टिपानिया हे त्यातलं मोठं नाव. दलित समाजातले, शाळामास्तर. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथं कबीर हा तिकीट काढून ऐकायचा प्रकार नाही. दिवसभर राबून आलेली माणसं ऐकतात, मध्येच थांबवून अर्थावरून वाद घालतात.

आपल्याकडं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ कबीरपंथी होते. घरात रोज भजन. बाबासाहेबांनी पुढे आपले तीन गुरू सांगितले: बुद्ध, कबीर आणि फुले. त्यातला मधला गुरू तुम्ही आपल्या गावच्या मांडवातून 'लोकांना नको' म्हणून खोडला. कुठल्या लोकांना नको? वेशीबाहेरच्या वस्तीत जाऊन विचारलं होतं का? तिथल्या भजनी मंडळाला या गावात पालिकेच्या स्टेजवर मी एकदाही बघितलेलं नाही, आणि वीस वर्षं मी इथल्या बातम्या देतोय. पुण्या-मुंबईचा कलाकार आला तर बिदागी, गाडी, शाल, श्रीफळ. इथल्या भजनी मंडळानं पेटी दुरुस्त करायला पैसे मागितले तर पुढच्या सभेत बघू.

म्हणजे 'लोकांना पाहिजे' याचा अर्थ पहिल्या तीन रांगांतल्या सोफ्यांवर बसणाऱ्यांना पाहिजे, एवढाच आहे.

*आता आपल्याच माणसांना दोन शब्द*

हे वाचून काही पुरोगामी मित्र लगेच शेअर करतील. करा. पण तुम्हालाही सांगतो. कबीर तुमच्यासाठी डीपीच्या खाली लावायची ओळ झालाय. शत्रूच्या तोंडावर मारायला दोहा हवा, पण तोच दोहा आपल्या अहंकारावर येतो तेव्हा पुढचा दोहा शोधायचा. दोन वर्षांपूर्वी याच गावात एका निवृत्त शिक्षकाच्या ओसरीवर निर्गुणी भजनांचा कार्यक्रम झाला होता, फुकट. श्रोते मोजून चौदा. त्यात तुमच्यातले किती होते ते मला माहीत आहे, कारण मी मोजत होतो. आज निषेधाच्या पोस्टला दोनशे लाईक पडतील. ते दोनशे लोक त्या ओसरीवर आले असते तर आज हिंमत झाली नसती रेघ मारायची.

आणि गाणाऱ्यांना. त्या मुलीला मी काही म्हणणार नाही. तिचं वय काय, तिची अडचण काय, एक कार्यक्रम गेला की पुढचे चार जातात. पण ज्यांचं नाव झालंय, ज्यांना आयोजक 'पंडितजी' म्हणून वाकून नमस्कार करतात, त्यांनी अशी यादी परत आल्यावर काय करायचं? गुपचूप दुसरं भजन घालायचं? गुरूच्या फोटोला हार घालताना त्या गुरूच्या गुरूचं नाव तरी मोठ्यानं घ्या.

*त्या तिसऱ्या ओळीकडे पुन्हा*

आपल्या गावात एक तबलजी आहेत. सप्ताहात हरिपाठाला वाजवतात, गणपतीत आरतीला वाजवतात, शाळेच्या स्नेहसंमेलनात फुकट वाजवतात. काकड्याला थंडीत पहाटे चारला हजर. या गावातल्या निम्म्या गाणाऱ्या पोरांचे हात-गळे त्यांच्या ठेक्यावर तयार झालेत. या पहाटेला साथीला तेच बसणार होते. नावं मागवल्यावर त्यांनी स्वतःहूनच गायिकेला कळवलं, की तब्येत बरी नाही, दुसरं कुणी बघा.

मी भेटायला गेलो. तब्येत ठणठणीत होती. म्हणाले, "साहेब, माझं नाव लिहू नका. पोराचं बाजारात दुकान आहे."

यावर मी काय लिहू? ज्या माणसानं आयुष्यभर आपल्या विठ्ठलाला ठेका दिला, तो आज आपलं नाव छापून येईल म्हणून घाबरतो. कुणी त्याला मारलं नाही, धमकी दिली नाही, कुठं गुन्हा नोंदला नाही. फक्त 'नावं आधी कळवा' एवढंच विचारलं. एवढं पुरलं. बातमी होऊच शकत नाही अशी ही गोष्ट आहे, म्हणून पेपरात न देता इथं लिहितोय.

*मागणी काय?*

नुसतं लिहून भागत नाही, म्हणून स्पष्ट सांगतो.

1. साथीदारांच्या नावांची अट लेखी मागे घ्या. आणि त्या तबलजींच्या घरी दोन जबाबदार माणसांनी जाऊन त्यांना बोलावून आणा. फोनवर नाही, घरी जाऊन.

2. खोडलेल्या दोन रचना परत घ्या. घ्यायच्या नसतील तर का नको, ते लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी द्या. व्हॉट्सअॅपवर रेघ मारणं सोपं असतं, सही करताना हात थांबतो.

3. खासगी मंडळानं खासगी पैशातून काय गाऊन घ्यायचं हा त्यांचा प्रश्न. पण हा पैसा घरपट्टी-पाणीपट्टीचा आहे, आणि ती तबलजीही भरतात. पहाटेवर किती खर्च, कुणाला किती बिदागी, स्थानिक कलाकारांना किती, हे जाहीर करा. नाही केलंत तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज तयार आहे. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

4. पुढच्या वर्षीपासून एक रात्र गावातल्या सगळ्या भजनी मंडळांना द्या. सगळ्या म्हणजे सगळ्या, वेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या. मानधन द्या, चांगला माईक द्या आणि स्टेजवर पुढाऱ्यांच्या भाषणाला पाच मिनिटांच्या वर वेळ देऊ नका.

कमेंटमध्ये "इतर धर्मीयांच्या कार्यक्रमात तुमचे अभंग चालतात का" असं विचारणारे येतील, म्हणून आधीच सांगतो. मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीतसभेला एकदा जाऊन या. तिथं राम गातात, कृष्ण गातात आणि विठ्ठलही गातात. यादी कुणी खोडत नाही. सांगलीच्या पुढं दहा-बारा किलोमीटर, एसटी जाते.

तोवर आपल्या आयोजकांनी दिवाळीच्या पहाटे काय ऐकायचं ते ठरवावं. आणि त्या पहाटे तबल्यावर कोण बसलंय, हे मी पहिल्या रांगेत नाही, मागे सतरंजीवर बसून बघणार आहे. तुम्हीही या.